क्लब बुडाला तेव्हा आपण नेमकं काय करायला हवं होतं?

वाकडचा_स्टॅलियन

प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

दसऱ्याआधी माळा आवरताना निळ्या ताडपत्रीत बांधलेलं एक गाठोडं खाली काढलं. आत आमच्या फुटबॉल क्लबचा, एफसी पुणे सिटीचा, बॅनर. २०१७ च्या सीझनआधी रविवार पेठेतल्या कापडगंजातून मांजरपाट आणलं होतं. आईने मशीनवर तीन पन्हे जोडून दिले, आम्ही चौघांनी गच्चीवर जांभळा रंग दिला आणि वर नारिंगी ऑइलपेंटने लिहिलं, ‘पुणे आमचं, आम्ही पुण्याचे’. सहा वर्षं घडीत राहिल्यामुळे रंगाला रंग चिकटला होता. हलक्या हाताने सोडवत होतो, तरी ‘आमचं’वरचा अनुस्वार समोरच्या घडीला चिकटून तिकडेच गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाचलं की हैदराबाद एफसी आता दिल्लीला गेला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. नवीन मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिच्यातली ही जागा मुळात पुण्याची. ऑगस्ट २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात एफसी पुणे सिटी बंद झाला आणि जागा हैदराबादला गेली. कोच फिल ब्राउन इथून तिकडे गेले, मार्सेलिन्हो गेला. त्या हैदराबादने २०२१-२२ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपदही घेतलं. पुढे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ च्या अख्ख्या सीझनमध्ये उरलेल्या पोरांना एकच मॅच जिंकता आली. आता दिल्ली.

आणि पुण्याचा हा पहिला क्लब नव्हता. बाबा मला पहिल्यांदा बालेवाडी स्टेडियमला घेऊन गेले ते पुणे एफसीच्या मॅचला, आय-लीगमधल्या (तेव्हाची देशातली अव्वल लीग) त्यांच्या पहिल्याच सीझनला, २००९-१० मध्ये. त्या वर्षी ते तिसरे आले. २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरे. डेरिक परेरांच्या हाताखाली तो संघ किती शिस्तीत खेळायचा! २०१५ ला सीनियर टीम बंद. त्याच वर्षी भारत एफसी एका सीझनमध्ये आला आणि गेला. मग डीएसके शिवाजियन्स, आय-लीगचे दोन सीझन. शेवटी पुणे सिटीही गेला. २०१४-१५ मध्ये एकाच स्टेडियममध्ये तीन अव्वल क्लब खेळत होते, आणि पाच वर्षांत एकही उरला नाही.

मी ऑरेंज आर्मीत, म्हणजे पुणे सिटीच्या चाहत्यांच्या गटात होतो. मार्च २०१८ च्या सेमीफायनलला घरी बंगळूरशी ०-० झालं आणि आम्ही त्यांच्या कांतीरवा स्टेडियमला बसने गेलो. त्यांच्या छेत्रीने दोन मारले होते, शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि आमच्या जोनातन लुकाने फ्री किकवर एक परत काढला. त्या दहा मिनिटांत माझा आवाज जो गेला तो आठवडाभर आला नाही. मग छेत्रीने तिसरा मारला. परतीच्या बसमध्ये कोणी बोलत नव्हतं, पण ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द सगळ्यांच्या मनात होता.

पुढच्या वर्षीनंतर क्लबच नव्हता. मोर्चा नाही, सभा नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस रडणारे इमोजी आले, मग लोक एकेक करून बाहेर पडले. मीही पडलो.

म्हणून दोन प्रश्न आहेत. एक, तेव्हा आपण चाहत्यांनी काय करायला हवं होतं? काही करता आलं असतं का? दोन, जिल्हा लीग खेळणाऱ्या एका छोट्या क्लबच्या पोरांनी हा बॅनर मागितलाय. द्यावा का? बाबा गेल्यावर्षी गेले, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

कूपरेजकर

वाकडकर, तुमचं दुःख समजतं, कारण आम्ही ते तुमच्या आधी भोगलंय. मुंबईची महिंद्रा युनायटेड. १९६२ पासूनची टीम. २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली, तेव्हा कोच होते हेच तुमचे डेरिक परेरा. ड्युरँड कप तीनदा. २०१० ला कंपनीने सांगितलं की यापुढे शाळकरी फुटबॉलवर लक्ष देणार आणि सीनियर टीम बंद. लक्षात घ्या, ती टीम बुडाली नव्हती. कर्ज नाही, पगार थकलेले नाहीत. मालकाने हिशेब केला आणि पान उलटलं. आम्ही लाल जर्सी घालून शेवटच्या मॅचला उभे होतो, पण कुणाच्या दारात जाऊन बसायचं तेच कळत नव्हतं. ऑफिसच्या टीमला चाहते असतात, पण ऑफिसमध्ये चाहत्यांना खुर्ची नसते. एअर इंडियाचंही तेच झालं, २०१३ ला परवान्याच्या अटीत बसली नाही म्हणून लीगमधून बाहेर.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पंधरा वर्षांत आलेलं नाही. बॅनर द्या.

नॉर्थ_स्टँड_नको

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. क्लब चाहत्यांचा, चाहते क्लबचे, हे ठीक. पण तुमच्यासारखे होते किती? मी पण यायचो बालेवाडीला. एक बाजू भरलेली, बाकी खुर्च्या मोकळ्या. फुकट पास वाटले तरी लोक येत नव्हते. रविवारी पुणेकर टीव्हीवर मँचेस्टर युनायटेड बघतो, त्याचा शर्ट दोन-तीन हजाराला घेतो, आणि बालेवाडीच्या तिकिटाला महाग म्हणतो. मालक किती वर्षं तोटा सोसणार? पत्रकारांना, फेडरेशनला शिव्या देणं सोपं आहे.

वाकडचा_स्टॅलियन

राग नाही. खुर्च्या मोकळ्या होत्या हे खरं. पण मॅच रात्री दहाच्या सुमाराला सुटायची आणि हायवेच्या कडेला उभं राहून हडपसरच्या माणसाने घरी जायचं कसं? पहिल्या शिफ्टवाल्याला पहाटे पाचला उठायचंय. तरी दर वर्षी थोडे थोडे वाढत होतो. २०१७-१८ ला अल्फारो आणि मार्सेलिन्हो गोल करत होते तेव्हा आमच्या सोसायटीतली, कधी फुटबॉल न बघितलेली बारा माणसं माझ्याबरोबर आली होती. बारा. मी मोजली होती, कारण तिकिटं मी काढली होती. सवय लागायला वेळ लागतो. दर चार वर्षांनी क्लबचं नाव, रंग, मालक बदलला तर सवय कशाची लागणार?

मानसी_लँकेशायर

वाकडकर दादा, मी मूळची सांगलीची, आता मँचेस्टरच्या उत्तरेला राहते. तुम्ही ‘ऑगस्ट २०१९ चा शेवटचा आठवडा’ लिहिलंत आणि मी थबकले. त्याच आठवड्यात, २७ ऑगस्टला, इथून ट्रामने काही स्टेशनं पुढे असलेला बरी एफसी हा क्लब लीगमधून काढून टाकला गेला. १८८५ सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. १९०३ च्या फायनलला त्यांनी डर्बी काउंटीला ६-० हरवलं होतं. तो फरक आजवर कुणी ओलांडलेला नाही, २०१९ मध्येच मँचेस्टर सिटीने बरोबरी केली फक्त.

मला फुटबॉलमधलं तेव्हा काही कळत नव्हतं. शेजारी एक आजोबा राहायचे, साठ वर्षं सीझन तिकीट. त्या मंगळवारी सकाळी ते झाडू घेऊन निघाले होते. म्हणाले, आज क्लब विकला जाईल, शनिवारी मॅच होईल, मैदान साफ करायला माणसं हवीत. मला सुट्टी होती, गेले. गिग लेनला, म्हणजे बरीच्या मैदानावर, शेकडो लोक. कुणी खुर्च्यांवरची कबुतरांची घाण खरवडतंय, कुणी पायऱ्यांमधलं गवत उपटतंय, कुणी बादल्या भरून आणतंय. बायका घरून सँडविच घेऊन आल्या होत्या. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक जसे न सांगता पाणी घेऊन उभे असतात, तसंच वाटलं मला. माझ्या वाट्याला एक रांग आली, तेवीस खुर्च्या, आणि त्यातल्या एकीच्या पाठीवर कुणाच्या तरी वडिलांच्या नावाची पितळी पट्टी होती. ती मी माझ्या ओढणीने पुसली.

आदल्या काही दिवसांत क्लबच्या एका माजी संचालक बाईंनी स्वतःला तिथल्या पावसाच्या पाइपला बेडीने बांधून घेतलं होतं. टीव्हीच्या गाड्या बाहेर रांगेत. संध्याकाळी पाचची मुदत होती, आणि दिवसभर बातम्यांत तेच, किती तास उरले. दुपारी कळलं की घेणारी कंपनी मागे हटली. लोक तसेच झाडू धरून उभे. रात्री उशिरा जाहीर झालं, लीगमधून हकालपट्टी. १९९२ च्या मेडस्टोन क्लबनंतर असं कुणाचं झालं नव्हतं.

कारणं नंतर वाचली. आधीच्या मालकाच्या काळात झेपणार नाहीत असे पगार, मैदान गहाण. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला. हो, एका पौंडाला. नव्या मालकाने पुढे रेडिओवर सांगितलं की बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच त्याला आधी माहीत नव्हतं. आणि लीगने त्याच्याकडे पैसा आहे का, हे नीट न तपासता व्यवहार होऊ दिला. खेळाडूंचे पगार थकलेले असताना त्या संघाने २०१९ च्या एप्रिलमध्ये वरच्या विभागात बढती मिळवली होती. मग ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांच्याशी तडजोड झाली, १२ गुण कापले, आणि नव्या सीझनची एकही मॅच न खेळता सगळं संपलं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसात नाही, त्यानंतरच्या चार वर्षांत आहे. चाहत्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा, आणि २०२० ला दहाव्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली. तिसऱ्यावरून दहाव्या! तेही शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर. दुसऱ्या गटाने जुनं मैदान परत मिळवायचा हट्ट धरला आणि सरकारच्या दहा लाख पौंडांच्या मदतीसह २०२२ ला ते विकत घेतलं. मग दोन गट भांडले. भाऊबंदकीच झाली, एकाच घरात बापलेक बोलत नव्हते. एकत्र यायचा ठराव २०२२ ला मतदानात पडला, २०२३ ला दुसऱ्यांदा घेतला तेव्हा पास झाला. आजोबा दोन्ही वेळा मत द्यायला गेले. त्यानंतर पुन्हा गिग लेनवर फुटबॉल सुरू झालं, आणि २०२५ ला बढती मिळून ते आठव्या पायरीवर आले.

लोक सांगतात की इंग्लंडमध्ये चाहते क्लबवर जास्त प्रेम करतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही कांतीरवाला गेलात ते प्रेम कमी नव्हतं. फरक असा की बरीकडे मैदान होतं, जे विकत घेता येत होतं. आणि लीगच्या खाली आणखी लीग होत्या, जिथून पुन्हा चढता येतं. तुमच्याकडे विकत घ्यायला होतं काय? स्टेडियम सरकारी, नाव कंपनीचं, जागा लीगची.

पेठेतला_फॉरवर्ड

मानसीताईंनी वर्मावर बोट ठेवलं. मी कोल्हापूरचा.

आमच्याकडं क्लब बुडत नाही कारण तो क्लब नसतोच, ती तालीम असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, नावं बघा. तालमीत खाली हौदा, कुस्ती. त्याच मंडळाचा गणपती. त्याच पोरांची फुटबॉल टीम. पेठेतला दुकानदार गणपतीला वर्गणी देतो तशीच टीमला देतो. एखादं वर्ष पैसा नसला तर जुन्याच जर्सीवर खेळतात, खालच्या गटात जातात, परत येतात. शाहू स्टेडियमवर फायनलला पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यातला कुठलाच माणूस ‘मी चाहता’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मी दिलबहारचा’.

खरं तेही सांगतो. आता बाहेरगावचे, परदेशी खेळाडू आणतात, त्यांचं मानधन वर्गणीत बसत नाही. मग पुढाऱ्याचा फोटो जर्सीवर येतो. तो माणूस उद्या दुसऱ्या पेठेकडं गेला तर काय, ही भीती आमच्याकडंही शिरलीय. आणि पेठेपेठेतल्या ईर्षेनं हाणामाऱ्याही होतात, त्याचा अभिमान कुणी बाळगू नये. पण पगार थकला म्हणून पाटाकडील हैदराबादला गेली, असं काही होणार नाही. ती जाणार कुठं? तिची तालीमच पेठेत आहे.

दादा, तुम्ही पुण्यात पाहुणे होता. यजमान उठून गेला.

डेस्कवर_२७_वर्षं

मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होतो, आता निवृत्त. वाकडकरांनी आमचं नाव घेतलेलं नाही, पण आमच्याबद्दल कुणीतरी बोललं पाहिजे.

२०१४ ला आयएसएल आली तेव्हा आम्ही रंगीत पुरवणी काढली. ट्रेझेगे पुण्यात येणार म्हणून अर्धं पान. पुढच्या वर्षी डेव्हिड प्लॅट कोच, मुटू खेळणार, प्रत्येक वेळी मोठा फोटो. ऑगस्ट २०१९ ला क्लब गेल्याची बातमी माझ्या हातून गेली, सिंगल कॉलम, एका एजन्सीच्या कॉपीवरून. खाली जाहिरात वाढली म्हणून शेवटचा परिच्छेद मी कापला. त्या परिच्छेदात अकादमीच्या मुलांचं काय होणार असा प्रश्न होता.

ते मला आजही टोचतं. पुणे एफसीची अकादमी पुणे सिटीने घेतली होती, म्हणजे एका बंद घरातून ही मुलं दुसऱ्या घरात आली होती, आणि तेही घर बंद झालं. विशाल कैथ, आशिक कुरुनियनसारखे पुण्याला खेळून पुढे देशाकडून खेळले. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत त्यांच्याकडे एकाही वार्ताहराला आम्ही पाठवलं नाही.

मानसीताईंनी टीव्हीच्या गाड्या सांगितल्या. तिथेही मोठी माध्यमं शेवटच्या आठवड्यातच पोचली असणार. पण गावच्या वर्तमानपत्राचा माणूस वर्षभर तोच क्लब बघत असतो, आणि कंपनीचे ताळेबंद कुणालाही उघडून पाहता येतात. आपल्याकडेही कंपनीला ताळेबंद दाखल करावे लागतात, थोडी फी भरली की ते बघायला मिळतात. मी सत्तावीस वर्षांत एकाही क्लबचा ताळेबंद काढून पाहिला नाही. आम्ही मॅचचा निकाल छापला, मालकाच्या पार्टीचे फोटो छापले. क्लबकडे किती महिन्यांचे पगार द्यायला पैसे आहेत, हा प्रश्न पत्रकार परिषदेत कुणी विचारला नाही. मीही नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो. आयएसएलमध्ये पहिली कित्येक वर्षं खाली जाणं-वर येणं नव्हतंच. खालून चढून आलेला पहिला क्लब पंजाब, तो २०२३ ला. म्हणजे २०१९ ला तुम्ही हजार चाहत्यांनी मिळून बरीसारखा नवा क्लब काढला असता, तरी त्या लीगचं दार बंद होतं. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर स्वतःला फार दोष देऊ नका. आणि हे संकट फक्त पुण्याचं उरलेलं नाही. २०२५ ला लीगचाच करार लटकला तेव्हा अनेक क्लबांनी पगार थांबवले, आणि डिसेंबरात मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. आता मुंबईकरांनी आत्ताच जागं व्हावं.

वाकडचा_स्टॅलियन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, एकदा आईला वाचून दाखवलं.

पेठेतल्या दादांचं ‘पाहुणे’ लागलं, पण खरं आहे. आम्ही गाणी केली, ढोल आणले, स्वतःच्या खर्चाने बंगळूरला गेलो. क्लबच्या कुठल्याही कागदावर आमच्यापैकी कुणाची सही नव्हती. शेवटच्या सीझनला तर आमच्यातल्या एकाला आतून कुणीतरी सांगितलं होतं की पैसे वेळेवर येत नाहीयेत. आम्ही ठरवून गप्प राहिलो, टीमचं मन खचेल म्हणून. आज वाटतं तेव्हाच उघडपणे विचारायला हवं होतं. क्लब वाचला नसता कदाचित, पण अकादमीच्या पोरांना चार महिने आधी कळलं असतं, दुसरीकडे ट्रायल देता आल्या असत्या.

बॅनरचं सांगतो. जिल्हा लीगवाल्या पोरांना काल फोन केला. बॅनर नेण्याआधी विचारलं, तुमचा क्लब कुणाच्या नावावर आहे? पलीकडे शांतता. मग म्हणाला, काका, नोंदणी कोचसरांच्या मित्राच्या नावावर आहे, आम्ही कधी बघितलं नाही. म्हटलं, मग आधी ते बघू. संस्था म्हणून नोंदवायची, सभासद करायचे, वर्षाला पाचशे रुपये, एक सभासद एक मत. मानसीताई, बरीवाल्यांची सभासदत्वाची नियमावली मिळाली तर पाठवाल का? मराठीत मी करून घेतो. आणि आजोबांना माझा नमस्कार सांगा.

डेस्कवाल्या काकांना विनंती, सातआठ जणांची मीटिंग ठरली तर या. ताळेबंद कसा वाचायचा ते पोरांना शिकवा. मलाही शिकायचंय.

मानसी_लँकेशायर

आजोबा २०२४ च्या थंडीत गेले, दादा. गिग लेनवर परत एक अख्खा सीझन बघून गेले. नियमावली त्यांच्या मुलीकडे असेल, मागते.

ऑइलपेंट चिकटलेलं कापड घडी घालून ठेवू नका, नळीवर गुंडाळा. रंग आतल्या बाजूला नको, बाहेरच्या. मध्ये जुनी सुती साडी घाला.

वाकडचा_स्टॅलियन

आईने साडी काढून दिली. कापडगंजातून पुठ्ठ्याची नळी आणलीय. अनुस्वार परत रंगवायचाय, तेवढी नारिंगी छटा मिळत नाहीये. लक्ष्मी रोडच्या बाजूला कुठे सुटा ऑइलपेंट मिळतो का?

रविवारी साडेतीनला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर पोरांची मॅच आहे. मी अडीचला पोचतो, बॅनर बांधायला दोन माणसं लागतील.